स्प्रिंग कापली, पण स्ट्रटचं काय?

गाडी लो करायची म्हटलं की पहिली नजर स्प्रिंगवर जाते. एखादं वेटोळं कापलं की बोनेट दोन बोटं खाली येतं आणि खर्चही फारसा होत नाही. पण मारुती 800 पासून आजच्या स्विफ्टपर्यंत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर बसतात, आणि चाक उभं धरण्याचं कामही तोच खांब करतो. 1950 च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमधून ही रचना रस्त्यावर आली.

समजा, उभ्या गाडीत स्ट्रटचा दांडा आणखी 80 मिमी दबू शकतो. गाडी 40 मिमी उतरवली की उरतात 40, आणि त्यातही रबरी बंपस्टॉप आडवा येतो. मग चाक उसळलं की स्ट्रट तळ गाठतो आणि धक्का थेट वरच्या माउंटिंगला बसतो. उलट, चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सरकू शकते. गॅसकटर चालवला असेल तर पोलादाचं पाणीही उतरलेलं असतं. सहा वेटोळ्यांतलं एक गेलं की स्प्रिंग 20 टक्के कडक होते. जुन्या शॉकअपला ती आवरत नाही.

म्हणून आखूड करायचा तो स्ट्रट. ज्याचं कार्ट्रिज बाहेर निघतं, त्याची नळी कापून, आतून बाही घालून सरळ जोडतात आणि छोटं कार्ट्रिज बसवतात. सीलबंद स्ट्रटला मात्र वेल्डिंग लावूच नये. आत तेल असतं, बहुधा दाबाखालचा वायूही. तिथे मुळातच आखूड बनवलेला स्ट्रट आणि त्याला जुळणारी स्प्रिंग, दोन्ही घ्यावे लागतात.

एवढं करूनही खालच्या आर्मचा कोन बिघडायचा तो बिघडतोच. चाकाकडचं टोक वर चढतं, रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरतं, आणि स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर खाली बसलेली गाडी वळणावर उलट जास्त कलते.

आणि आमचे रस्ते यवतमाळचे! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर लाटांसारखं होतं. वणीकडे कोळशाचे ट्रक त्यात चाकोऱ्या पाडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. गावोगावचे अरुंद, उभट उंचवटे हे माप पाळत नाहीत. तिथे आधी चेंबर घासतं. माझं स्पष्ट मत आहे, रोजच्या गाडीला इथे 25 मिमीपलीकडे उतरवू नये.

कायदाही पाहून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनातल्या बदलांना मर्यादा घालतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

काम झाल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करावी, आणि नवी स्प्रिंग थोडी बसल्यावर पुन्हा एकदा. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बाहेरच्या बाजूला चुकलेला राहिला तर टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तार दिसेपर्यंत कळत नाही.