तोर्तुगेरो येथील समुद्री कासव संवर्धन व स्वयंसेवा

तोर्तुगेरो हे मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या ईशान्येस, लिमोन प्रांतात कॅरिबियन समुद्राच्या काठी वसलेले गाव आहे. येथील सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे फार मोठ्या संख्येने अंडी घालतात. पश्चिम गोलार्धातील या जातीचे हे सर्वांत मोठे प्रजननस्थळ मानले जाते. येथे अनेक दशकांपासून कासवांच्या नोंदी ठेवण्याचे काम सुरू असून त्यात देशोदेशींचे स्वयंसेवक सहभागी होतात. गावाला जोडणारा रस्ता नाही. तेथे होडीने किंवा लहान विमानानेच पोहोचता येते. स्पॅनिश भाषेत ‘तोर्तुगेरो’ या शब्दाचा अर्थ ‘कासवे पकडणारा’ असा होतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नाव शब्दशः खरे होते. अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर आलेल्या माद्यांना रात्री उलथे करून ठेवले जाई. पाठीवर पडलेले कासव स्वतःहून सरळ होऊ शकत नसल्याने ते सकाळपर्यंत तेथेच राही आणि नंतर मांसासाठी जहाजावर चढवले जाई.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५५ मध्ये येथे कासवांना क्रमांकाच्या धातूच्या पट्ट्या लावण्यास सुरुवात केली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द विंडवर्ड रोड’ या त्यांच्या पुस्तकाने कासवांच्या ऱ्हासाकडे वाचकांचे लक्ष वेधले. त्यातून १९५९ मध्ये एक संवर्धन संस्था उभी राहिली. ‘कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था २०१० पासून ‘सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी’ या नावाने कार्य करते. १९७५ मध्ये तोर्तुगेरो राष्ट्रीय उद्यानाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. हिरव्या कासवांच्या मर्यादित शिकारीस मुभा देणारी तरतूद कोस्टा रिकाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केली आणि २००२ मध्ये समुद्री कासवांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला.

हंगाम

लेदरबॅक हे सर्वांत मोठे समुद्री कासव साधारणपणे मार्च ते जून या काळात किनाऱ्यावर येते. हिरव्या कासवांचा मुख्य हंगाम जुलै ते ऑक्टोबर असा असतो. हिरव्या कासवाची मादी एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने एकाच हंगामात अनेकदा येते आणि त्यानंतर बहुधा दोन ते चार वर्षांनीच परतते.

स्वयंसेवकांचे काम

मुख्य काम रात्रीच्या गस्तीचे असते. लहान गट एका अनुभवी प्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली वाळूतून कित्येक किलोमीटर चालतो. पांढरा प्रकाश वापरण्यास मनाई असते. गरज पडल्यास मंद लाल दिवा वापरतात. कपडे गडद रंगाचे असावे लागतात. याचे कारण असे की, समुद्रातून बाहेर येणारी मादी प्रकाशाने व हालचालीने बुजते आणि अंडी न घालताच परत फिरते. म्हणून ती जागा निवडून खड्डा खणेपर्यंत गट दूर थांबतो. अंडी पडू लागल्यावर मात्र ती सहसा विचलित होत नाही. याच अवधीत अंडी मोजली जातात. त्यानंतर कवचाची लांबी-रुंदी घेतली जाते, पुढच्या वल्ह्यासारख्या पायांवरील जुनी पट्टी तपासली जाते आणि पट्टी नसल्यास नवी लावली जाते.

निवडक घरट्यांचे स्थान किनाऱ्यालगतच्या झाडांपासून मापे घेऊन नोंदवले जाते. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून गेल्यावर घरटे उकरून रिकामी कवचे, न उबलेली अंडी व मृत पिल्ले मोजली जातात. सडक्या अंड्यांच्या वासात बसून करावयाचे हे काम फारसे कोणाला प्रिय नसते. तथापि किती अंड्यांतून पिल्ले निघाली हे त्यावरूनच कळते.

अंडी हलवण्याचे काम नाजूक असते. घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाच्या आतील वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे फिरल्यास गर्भ मरू शकतो. म्हणून चोरीचा किंवा भरतीच्या पाण्याचा धोका असलेल्या किनाऱ्यांवर अंडी त्याच रात्री कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात नेली जातात. वाळूचे तापमानही नोंदवावे लागते, कारण त्यावर पिल्लांचे लिंग ठरते: उष्ण वाळूत माद्या अधिक, थंड वाळूत नर अधिक.

नोंदींचे महत्त्व

हिरव्या कासवाला प्रौढ होण्यास दोन ते तीन दशके किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे एका हंगामाच्या आकड्यांवरून संख्या वाढते की घटते हे सांगता येत नाही. आज समुद्रात गेलेले पिल्लू जगले, तर ते अंडी घालायला येईल तेव्हा किनाऱ्यावर स्वयंसेवकांची पुढची पिढी असेल. तोर्तुगेरोत लावलेल्या पट्ट्यांपैकी बहुसंख्य निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळ, समुद्री गवताच्या कुरणांत पकडलेल्या कासवांवर आढळल्या. यावरून एका देशातील संरक्षण पुरेसे नसते, हे स्पष्ट झाले.

धोके

तोर्तुगेरोच्या दक्षिणेस असलेल्या मोइन किनाऱ्यावर लेदरबॅकच्या अंड्यांची चोरी मोठ्या प्रमाणावर होत असे. त्या भागात अमली पदार्थांची वाहतूकही चाले. तेथे गस्त घालणारा २६ वर्षांचा कोस्टा रिकन कार्यकर्ता हायरो मोरा सांदोवाल याचे ३० मे २०१३ च्या रात्री चार परदेशी स्वयंसेवक स्त्रियांसह अपहरण झाले. स्त्रिया निसटल्या, मोराचा मृतदेह दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सापडला. २०१५ मध्ये आरोपी हत्येच्या आरोपातून सुटले, मात्र फेरसुनावणीनंतर २०१६ मध्ये चौघांना दोषी ठरवण्यात आले. या घटनेमुळे संरक्षणाशिवाय स्वयंसेवकांना रात्री किनाऱ्यावर पाठवावे काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. परदेशी पाहुणा काही आठवड्यांनी मायदेशी परततो. स्थानिक कार्यकर्त्याला मात्र त्याच गावात, अंडी चोरणाऱ्यांच्या शेजारी राहावे लागते.

टीका व मर्यादा

अशा प्रकल्पांत स्वयंसेवक राहण्या-जेवण्याचा खर्च सहसा स्वतः देतात व त्यातून प्रकल्पाला आधार मिळतो. मात्र पाहुण्यांच्या समाधानासाठी पिल्ले हाताळू देणे, छायाचित्रांसाठी ती अडवून ठेवणे किंवा स्थानिकांना मिळू शकणारा रोजगार पाहुण्यांकडून करून घेणे, यांवर टीका होते. पिल्लांची सुरुवातीची शक्ती खोल समुद्र गाठण्यासाठी असते; ती टबात खर्च झाल्यास त्यांचे नुकसान होते. तोर्तुगेरोत रात्री कासवे पाहण्यासाठी परवानाधारक स्थानिक मार्गदर्शक सोबत असणे बंधनकारक आहे. त्यामुळे जिवंत कासव हे गावाच्या उपजीविकेचे साधन बनले आहे. महाराष्ट्रात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथेही ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखताना गावकऱ्यांच्या घरी पर्यटकांची सोय करून असाच मेळ घालण्यात आला आहे.