वजनकाट्यावर न दिसणारा मधुमेह

महाविद्यालयातली मधुमेह-जागृती बहुधा १४ नोव्हेंबरच्या, म्हणजे जागतिक मधुमेह दिनाच्या, व्याख्यानापुरती आणि ‘साखर कमी खा’ या फलकापुरती असते. विद्यार्थी ते ऐकून सोडून देतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढचा मधुमेही पन्नाशीतला, पोट सुटलेला असतो. भारतीय शरीराच्या बाबतीत हे चित्र फसवे आहे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे परिसरातल्या खेड्यांमधली नवजात बाळेही इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी आढळली. मात्र तूट स्नायूंत जास्त होती, चरबीत कमी. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. ते कमी असले आणि पोटात चरबी साठली, की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून सडपातळ तरुणानेही वजनकाट्यापेक्षा पोटाच्या घेरावर विश्वास ठेवावा: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

अभ्यासिकेत दिवसभर बसून राहणारा विद्यार्थी मिठाई क्वचितच खातो. पण मेसचा भात, पोळी, बटाट्याची भाजी, मधल्या वेळचा वडापाव आणि प्रत्येक चहाबरोबरची बिस्किटे यांतल्या पिठाचीही शेवटी साखरच होते, आणि ताटातली आमटी पाण्यासारखी असली तर प्रथिने नावालाच मिळतात. त्यात जागरणे. अपुरी झोपही इन्शुलिनचे काम बिघडवते.

‘घराण्यातच आहे, मग काय उपयोग?’ हा प्रश्न रास्त आहे. आनुवंशिकतेचा वाटा खराच. पण दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत, राहणी बदलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही होते आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. उंबरठ्यावरच्या लोकांवर चेन्नईत झालेल्या प्रयोगात केवळ आहार आणि चालण्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्के घटला. ते लोक मध्यमवयीन होते, हे मान्य. पण स्नायू कमावणे विशीत अधिक सोपे असते.

खरा अडथळा वेळेचा आणि पैशाचा. त्यावर महागडी जिम हा उपाय नव्हे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे, खोलीतच जोर-बैठका, बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे एवढे कुणालाही जमेल. मोड आलेली मटकी आणि घट्ट वरण मात्र मेस चालवणाऱ्याने द्यायला हवे. ती जबाबदारी विद्यार्थ्यावर ढकलू नये. प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत महाविद्यालयांनी कमरेचा घेर मोजावा, आणि आई-वडिलांना मधुमेह असलेल्यांची उपाशीपोटीची साखरही तपासावी. ती १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर दरम्यान, म्हणजे उंबरठ्यावर आली, तर अजून बरेच काही हातात असते.