मेमरी कार्डातला सिनेमा आणि कायदा

पंधराएक वर्षांपूर्वी पातूरच्या बाजारात मोबाइलच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसे, 'गाणी व पिक्चर भरून मिळतील'. दहा-वीस रुपये द्यायचे, चहा होईपर्यंत थांबायचे आणि भरलेले मेमरी कार्ड खिशात घालून एस.टी. पकडायची. मीही तिथून भजने भरून घेतली आहेत. दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी हे कबूल केलेले बरे.

परवा त्याच बाजारात एका दुकानातल्या पोराला सहज विचारले, "काय रे, अजून भरून देता का?" तो हसून म्हणाला, "आता कोन भरते काकाजी? सारं टेलिग्रामवरच भेटते. एक साइट बंद झाली तं दुसरी निंगते." मग जरा जवळ येऊन हळूच विचारले, "पन खरंच जेल होते काय हो?"

आजचे बोलणे या प्रश्नावरच आहे.

आपल्याकडचा मूळ कायदा १९५७ चा कॉपीराइट कायदा, म्हणजे लेखन-स्वामित्वाचा कायदा. सिनेमा, गाणे, पुस्तक, संगणकाचा प्रोग्राम हे ज्याने निर्माण केले, त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रती काढणे, विकणे, लोकांपर्यंत पोचवणे हा भंग ठरतो. जाणूनबुजून असा भंग करणाऱ्याला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. म्हणजे वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हा हक्क म्हणून मिळत नाही. वीस रुपयांत कार्ड भरून देणाऱ्या पोराला हे ठाऊक नसते.

महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकले. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा कायदा आपल्याकडे आहे. २००९ मध्ये त्यात 'व्हिडिओ पायरेट' हा शब्द घातला गेला. चोरट्या सीडींचा धंदा करणाऱ्याला खटल्याआधीच वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येईल, अशी ती तरतूद. आणि २०२३ मध्ये केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त केला. चित्रपटगृहात कॅमेरा लपवून सिनेमा टिपला, तर किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड. हा दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मग नुसते पाहणाऱ्याचे काय? २०१६ साली बंद केलेल्या साइटवर गेले की पडद्यावर शिक्षेची धमकी दिसू लागली आणि नुसती साइट उघडली तरी तीन वर्षे तुरुंग, अशी हाकाटी झाली. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खुलासा केला, की गुन्हा पाहण्यात नाही. विनापरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्या-भाड्याने देण्यात आहे. याचा अर्थ पाहणे योग्य आहे असा नव्हे. पण बघ्याला आणि धंदेवाल्याला एकाच दावणीला बांधायचे नसते, एवढे त्यातून कळते.

इथे एक खोच लक्षात ठेवा. टॉरेंट नावाची जी पद्धत आहे, तिच्यात सिनेमाचे बारीक तुकडे हजारो लोकांच्या संगणकांवर पसरलेले असतात. आपण तुकडे घेत असतानाच आपल्याकडचे तुकडे दुसऱ्याला जात असतात. म्हणजे आपल्याला वाटते आपण फक्त घेतो आहोत, प्रत्यक्षात आपण वाटतही असतो. व्हॉट्सॲपच्या गटात अख्खा सिनेमा पुढे ढकलणे हेही वाटणेच.

आता साइट बंद होते म्हणजे काय होते? बहुतेक वेळा ती बंद होतच नाही. तिचा संगणक परदेशात कुठेतरी चालूच असतो. न्यायालयाच्या आदेशाने आपल्या इंटरनेट कंपन्या तिच्याकडे जाणारी वाट अडवतात. गावाच्या फाट्यावरची पाटी काढली म्हणून गाव हलत नाही. नव्या नावाची पाटी लागली की लोक पुन्हा पोचतात.

या पाट्या काढतानाही कधी कधी चुकीची पाटी निघते. 'कोलावेरी डी' या गाण्याने गाजलेल्या '३' या तमिळ सिनेमासाठी २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला. कंपन्यांनी त्याचा अर्थ लावून व्हिमिओसारख्या साइटच सबंध बंद केल्या. तिथे लोकांनी स्वतः केलेले व्हिडिओही होते. शेवटी न्यायालयाला सांगावे लागले, की साइट नव्हे, नेमकी दुव्याची पाने अडवा. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये 'ढिशूम' सिनेमाच्या वेळी तपासून, शपथेवर नेमके दुवे देण्याचा आग्रह धरला. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेगळा विचार मांडला. ज्या साइटचा मुख्य धंदाच चोरीचा, ती सबंध अडवावी आणि तिने नाव बदलले तर पुन्हा पहिल्यापासून दावा न लावता नवे नावही यादीत घालावे.

परदेशातही हेच घडले. १९९९ साली आलेले नॅपस्टर दोन वर्षांत न्यायालयामुळे थांबले, पण त्याच्या जागी दुसरे उभे राहिले. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेने मेगाअपलोड बंद पाडले आणि तिच्या मालकाला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. पण ज्यांनी आपली स्वतःची, कष्टाची कामे तिथे ठेवली होती, त्यांचीही त्यात अडकली. वाळलेल्याबरोबर ओलेही जळाले.

म्हणून चोरी चालू द्यावी का? नाही. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि थोड्याच दिवसांत त्याची चोरटी प्रत मोबाइलवर फिरू लागली. तो सिनेमा एवढा चालला की शंभर कोटींचा गल्ला करणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. पण सगळेच काही 'सैराट' नसतात. थोड्या पैशांत, उसनवारी करून केलेला मराठी सिनेमा पहिल्या दोन आठवड्यांत जे मिळवील तेवढेच त्याचे. कापूस वेचायच्या आधीच कोणी शेतात शिरावे, तसे हे आहे. आपल्या वऱ्हाडात हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी बाजूही खरी आहे. तालुक्याच्या गावी नवा मराठी सिनेमा लागेलच असे नाही. अकोल्याला चौघांनी जायचे तर जाण्यायेण्याचे भाडे आणि तिकिटे मिळून एका दिवसाची मजुरी कुठल्या कुठे जाते. वाजवी दरात, घराजवळ मिळाले तर चोरीकडे वळणारे कमी होतील. नुसत्या पाट्या काढून हे होणार नाही.

आणि जे हक्काने आपले आहे, ते तरी आपण घेतो का? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्व राहते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांची झाली. 'श्यामची आई' मोबाइलवर घ्या, वाटा, कोणी विचारणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या लेखनावरचे स्वामित्व २०२८ अखेरपर्यंत. तुकोबांचा अभंग कोणाच्याच मालकीचा नाही, पण एखाद्या गायकाने गायलेल्या त्याच अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर मात्र साठ वर्षांचा हक्क असतो. माझी ती भजने या शेवटच्या प्रकारातली होती, हे मला फार उशिरा कळले.

त्या पोराला मी एवढेच म्हणालो, "बापू, पाहनाऱ्याले जेल होत नाही, पन भरून देनाऱ्याले होऊ शकते. अन् दुकान तुह्या नावावर आहे." तो गप्प झाला. मग म्हणाला, "काकाजी, रिपेरिंगच बरं." त्याच्या काचेवरची जुनी पाटी अर्धी फाटलेली होती. दुसऱ्या दिवशी गेलो तर उरलेली अर्धीही त्याने खरवडून काढली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)