जेलीने ताकद येत नाही

पेशंटला भेटायला जाताना शहाळं आणि मोसंब्यांच्या जोडीला हल्ली जेलीचा डबाही निघतो. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “अहो, दवाखान्यात देतातच की! प्रोटीन असतं त्यात. ताकद येते.” हे इतक्यांदा ऐकलंय, आणि इतक्या शिकल्यासवरल्या माणसांकडून, की आता पाकीट उलटं करून मागचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवावासा वाटतो.

तर वाचूया. अमेरिकेत जेलीची पावडर घरोघरी पोचवली ती ‘जेल-ओ’ने. त्याच्या ८५ ग्रॅमच्या पाकिटात चार जणांची जेली होते. एकाच्या वाट्याला येते साधारण १९ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे जवळजवळ पाच चमचे, आणि प्रोटीन फार तर दोन ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. म्हणजे अंड्याइतकं प्रोटीन जेलीतून मिळवायचं तर किमान तीन वाट्या जेली आणि त्यासोबत ५७ ग्रॅम साखर पोटात घालायची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम.

बरं, ते दोन ग्रॅम तरी कामाचे आहेत का? जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून काढलेलं प्रोटीन. त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल मुळीच नसतं. प्रोटीनचा दर्जा ठरवण्याच्या रूढ मोजमापात म्हणूनच एकट्या जिलेटिनला शून्य गुण मिळतात. दूध, अंडी, डाळी जेवणात असतील तर ती उणीव भरून निघते, हे खरं. पण मग ताकद दिली ती वरणाने, आणि कौतुक मात्र जेलीचं!

आपल्याकडे गंमत याच्याही पुढची आहे. भारतात हिरव्या ठिपक्याची जी जेली मिळते, तिच्यात जिलेटिन नसतंच. ती घट्ट होते समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅराजीनन किंवा अगरसारख्या पदार्थांनी. त्यात प्रोटीन जवळपास नाहीच. उरतं ते साखर, रंग, आंबटपणा आणि वास.

मग दवाखान्यात देतात ते का? नेमकं याचसाठी. ऑपरेशननंतर किंवा आतड्याच्या तपासणीआधी डॉक्टर काही काळ फक्त पारदर्शक द्रवपदार्थ घ्यायला सांगतात. जिलेटिन अंगाच्या उष्णतेला वितळतं, पोटात गेलं की पाण्यासारखं होतं आणि आतड्यात चोथा सोडत नाही. थोडी साखर मिळते, पाणी जातं, आणि काही खाल्ल्याचं समाधान होतं. जेली त्या यादीत आहे ती तिच्यात फारसं काही नाही म्हणून! कोलोनोस्कोपीच्या आधी तर लाल किंवा जांभळी जेली चालतही नाही, कारण आतला तो रंग रक्तासारखा दिसू शकतो. ‘रंगीत जेली जास्त पौष्टिक’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पेशंटला जिलेटिनवर पोसायची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून, त्याचं सूप इस्पितळांतल्या गरिबांना मांसाऐवजी देण्याचा आग्रह धरला. स्वस्त होतं, सोयीचं होतं. तक्रारी वाढल्या तेव्हा फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत, हे समितीने १८४१ मध्ये लिहून दिलं. ट्रिप्टोफॅनचा शोध जैवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी लावला तो पुढे १९०१ साली.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी कोलॅजेनपासून केलेल्या ‘द्रव प्रोटीन’ची लाट आली. जवळजवळ तेवढ्यावरच राहिलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जण दगावल्याची नोंद झाली, त्यात अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती. आठवड्यात दोनदा जेली खाणाऱ्याला याची भीती नको. पण ‘प्रोटीन’ हा शब्द ऐकून माना डोलावणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

एक गोष्ट मात्र खरंच धोक्याची. पक्षाघातानंतर ज्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, त्यांना ‘मऊ आहे, सहज जाईल’ म्हणून जेली भरवतात. ती तोंडात वितळून पातळ होते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा पेशंटला काय द्यायचं ते गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाला विचारावं, भेटायला आलेल्या मावशींना नव्हे.

बाकीचे समज झटपट उरकू. ‘जिलेटिन खुरांपासून करतात’: नाही, खुरं आणि शिंगं केराटिनची, ती उकळून जिलेटिन निघत नाही. ‘जेलीने नखं मजबूत होतात’: नखंही केराटिनचीच, आणि केराटिनला लागणारं सिस्टीन जिलेटिनमध्ये जवळपास नसतं. ‘सांध्यांना चांगली’: कोलॅजेन पूरकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि त्यांतली रोजची मात्रा बहुतेकदा वाटीभर जेलीतल्या दोन ग्रॅमच्या कितीतरी पट असते. ‘शुगर-फ्री म्हणजे पौष्टिक’: शुगर-फ्री म्हणजे फक्त साखर नसलेली.

स्वयंपाकघरातल्या गैरसमजांत पहिला नंबर अननसाचा. ‘पावडर खराब निघाली, जेली जमलीच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी फळ विचारते. ताज्या अननसात, पपईत, किवीत प्रोटीन तोडणारी विकरं असतात. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतो, तीच करामत इथे जिलेटिनवर होते. डब्यातला अननस उष्णतेने तयार केलेला असतो, विकर मेलेलं असतं, तो चालतो. ताजाच हवा असेल तर आधी शिजवून घ्या, नाहीतर सरळ चायना ग्रास, म्हणजेच अगर, वापरा. त्यात प्रोटीन नसल्यामुळे विकराला तोडायलाच काही नसतं.

चायना ग्रासने जेली जरा करकरीत होते, जिलेटिनसारखी जिभेवर विरघळत नाही, असं नाक मुरडणारे भेटतात. बरोबर आहे, ती सुमारे ८५ अंशांना वितळते. पण मे महिन्यात नागपूरला वाढदिवस असेल तर फ्रिजबाहेर टेबलावर तीच उभी राहील.