वर्गात आहे, मोजणीत नाही

पिंपरी हे गाव बाहेरून आलेल्या माणसांनीच मोठे केले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प इथे वसला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. कारखान्याबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर शाळा. मग टेल्को आली, बजाज आली. मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेला कामगार कंपनीत कायम झाला, की त्याचे पोरही शाळेत कायम होई. मी शिक्षक झालो तेव्हा निम्म्या पालकांच्या पाळ्या मला तोंडपाठ असत. कोणाला कधी शाळेत बोलवायचे, ते त्यावरून ठरे.

तो ‘कायम’ शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आजचा बाप कंत्राटदाराचा माणूस. मोशी-चिखलीच्या इमारतीवर काम असेल तोवर तिथे, नंतर चाकणच्या एखाद्या गोदामावर. ठेकेदार हलला की बिऱ्हाड हलते आणि बिऱ्हाडाबरोबर पोर. जूनमधला माझा वर्ग आणि दिवाळीनंतरचा वर्ग हे दोन वेगळे वर्ग असत. छठपूजेला गावी गेलेल्यांपैकी काही परतत, काही नाही. त्यांच्या बाकावर नवीन कोणी येऊन बसे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा या मुलांच्या बाजूचा आहे, हे आधी सांगितले पाहिजे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळाच न पाहिलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला वेगळे शिकवायचे, असे कायदा म्हणतो. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे तर स्थानिक संस्थेचे कर्तव्यच ठरवले आहे. कागदावर उत्तम! प्रत्यक्षात चौथीच्या वर्गात एकीकडे भागाकार चाललेला असतो आणि त्याच वर्गात नऊ वर्षांची मुलगी ‘अ’ गिरवत असते. तिच्या घरी उडिया बोलतात. बाईंना हिंदी येते, मुलीला तीही जेमतेम. अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्या चार महिन्यांत वाचायला लागतात, मात्र त्यांच्याजवळ बसायला कोणाला तरी वेळ हवा.

खरी गोम इथेच आहे. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्यालाच संचमान्यता म्हणतात. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण. अलीकडच्या वर्षांत मात्र ज्याचे आधार कार्ड संगणकावर जुळते, तेच मूल या मोजणीत धरायचे, असा दंडक आला. गावाकडे काढलेल्या कार्डावर नाव एक, शाळेत दुसरे. जन्मतारीख तर विचारूच नका. कितीतरी जण कागदोपत्री १ जानेवारीला जन्मलेले! ते जुळले नाही, की मूल वर्गात बसते, खिचडी खाते, परीक्षा देते, पण शिक्षकांच्या हिशेबात शून्य. शाळेतील प्रवेशाला आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले होते. त्यामुळे प्रवेश मिळतो. शिक्षक मात्र ‘अतिरिक्त’ ठरू शकतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत पाठवले जाते. म्हणजे जिथे जास्त हात हवेत, तिथलेच हात कमी होतात. मुख्याध्यापकांचा आणि वर्गशिक्षकांचा किती वेळ या जुळवाजुळवीत जातो, ते शाळेच्या कचेरीत जाऊन एकदा पाहावे.

वर्ष पुरे होईलच, याचीही खात्री नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील भंगाराची दुकाने, गोदामे, पत्र्याच्या शेड पाडल्या. बांधकामे अनधिकृत होती की नव्हती, तो वाद इथे नको. शाळेचे वर्ष संपायला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते, एवढे मात्र कोणाच्या हिशेबात होते असे दिसले नाही.

यावर एक साधा उपाय राज्यात आहे. शिक्षण हमी पत्रक. मूल गाव सोडताना त्याला काय येते, हे शिक्षकाने एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यायचे. पुढच्या शाळेने तिथून सुरुवात करायची. ऊसतोडीला जाणाऱ्यांना ते सोयीचे पडते, कारण त्यांचा हंगाम ठरलेला असतो. आमच्याकडे ठेकेदाराचा टेम्पो रात्री येतो. सकाळी हजेरीच्या वेळी कळते, की बाक रिकामा आहे. मग शेजारच्या खोलीतल्या मुलाला विचारायचे, कोणाकडे फोन नंबर आहे का. आणि लागलाच, तर ते पत्रक फोटो काढून मोबाइलवर पाठवायचे.