किल्ली कुणाच्या हाती द्यायची?
भाड्याचे घर सांभाळणारा माणूस वा कंपनी निवडताना

हिंदवाडी, भाग्यनगर, महांतेशनगर, शहापूर. बेळगावातल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा, एखाद्या तरी गेटवर पाटी टांगलेली दिसते, 'घर भाड्याने देणे आहे'. त्याच्याच खाली कन्नडमध्ये 'मने बाडिगेगे इदे'. पूर्वी अशा पाटीवर फोन नंबर नसला तरी चालत असे. बेल वाजवली की मालकीणबाईच बाहेर येत. गाव कुठले, नोकरी कुठे, घरात माणसे किती, हे सगळे चहाचा कप रिकामा होईपर्यंत त्यांनी काढून घेतलेले असे. आता पाटीवर नंबर असतो आणि पुष्कळदा तो मालकाचा नसतो. मालक बेंगळुरात, पुण्यात, नाहीतर परदेशात असतो. घर 'बघणारा' दुसराच कुणीतरी असतो.

हा दुसरा कुणीतरी निवडायचा कसा, हा आज आपल्या अनेक घरांतला प्रश्न आहे. वडिलांनी फंडाचे पैसे घालून घर बांधले. मुले शिकली आणि बाहेरगावी गेली. घर विकायला मन होत नाही आणि बंद ठेवणे परवडत नाही. बेळगावचा पाऊस बंद घराला क्षमा करत नाही. चार महिने दारे-खिडक्या मिटलेल्या राहिल्या की भिंतींना ओल येते, चौकटींना वाळवी लागते, कौलारू घर असेल तर एक फुटलेले कौल पुढे वासा कुजवते. म्हणजे घरात राहते माणूस हवे, आणि त्या माणसाकडे लक्ष देणारेही कुणीतरी हवे.

ओळखीचे अण्णा, एजंट की कंपनी?

आपल्याकडे पहिला विचार येतो तो ओळखीच्या माणसाचा. शेजारचे अण्णा, आईच्या माहेरचे मामा, वडिलांचे जुने सहकारी. हे लोक मायेने घर बघतात, पैसे घेत नाहीत. अडचण तिथेच आहे. जो पैसे घेत नाही त्याला हिशेब विचारता येत नाही. पंप दुरुस्तीला चार हजार कसे लागले, हे मामांना कोण विचारणार? विचारले तर नाते दुखावते, न विचारले तर मनात राहते. शिवाय मामांचेही वय होत असते. रात्री नऊ वाजता टाकी वाहू लागली म्हणून त्यांनी किती दिवस धावायचे?

दुसरा एजंट. त्याचे काम भाडेकरू आणून देणे. दलाली घेतली की त्याचे काम संपते. पुढे नळ गळतो की भाडे थकते, याच्याशी त्याचा संबंध नसतो. तिसरी व्यवस्था म्हणजे दरमहा मोबदला घेऊन घर सांभाळणारी कंपनी किंवा व्यक्ती. भाडेकरू शोधणे, भाडे वेळेवर येते का पाहणे, दुरुस्ती, घरपट्टी, वीजबिल, वेळोवेळी घर तपासणे, सगळे तिच्याकडे. मोठ्या शहरांत अशा कंपन्या कितीतरी आहेत. आपल्या शहरात काही एजंटच हे जास्तीचे काम अंगावर घेतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 च्या रेरा कायद्यात एजंटाला नोंदणी सांगितली आहे ती घर-जमिनीच्या विक्रीच्या व्यवहारांसाठी. भाड्याचे घर सांभाळण्याला ती लागू नाही. म्हणून कार्डावर रेराचा नंबर छापला आहे एवढ्यावरून तो भाड्याच्या कामाला चोख आहे असे समजू नये. इथे आपली परीक्षा आपणच घ्यायची.

मोबदला किती, यापेक्षा कशावर

'तुमचे किती टक्के?' हा प्रश्न सगळेच विचारतात. पण टक्के कशाचे, हे विचारणारे थोडे. ठरलेल्या भाड्याचे की हाती आलेल्या भाड्याचे? घर दोन महिने रिकामे राहिले तर मोबदला चालू राहणार का? भाडेकरूने भाडे थकवले तर काय?

एक सोपे उदाहरण घेऊ. भाडे महिना 12,000 रुपये, मोबदला जमा भाड्याच्या 8 टक्के, नवीन भाडेकरू आणला की एक महिन्याचे भाडे दलाली. कंपनी जीएसटी नोंदणीकृत असेल तर या सगळ्यावर 18 टक्के कर. समजा भाडेकरू वर्षाच्या मध्ये बदलला आणि घर एक महिना रिकामे राहिले. जमा भाडे 1,32,000. त्यातून मोबदला 10,560 आणि दलाली 12,000, वर कर 4,060 च्या आसपास. मालकाच्या हाती उरतात साधारण 1,05,400. आता तोच भाडेकरू वर्षभर टिकला असे धरा. जमा भाडे 1,44,000, मोबदला 11,520, त्यावरचा कर 2,074. हाती उरतात 1,30,400. फरक 25 हजारांचा!

म्हणजे टक्का एकने कमी-जास्त झाला तर वर्षाला हजार-दीड हजाराचा फरक, पण चांगला भाडेकरू टिकला की नाही यावर 25 हजारांचा. आणि इथेच एक मेख आहे. भाडेकरू बदलला की मालकाचे नुकसान होते, पण सांभाळणाऱ्याला मात्र नवी दलाली मिळते. म्हणून करारातच लिहून घ्यावे की एका वर्षाच्या आत भाडेकरू गेला तर पुन्हा दलाली नाही, आणि जुन्याच भाडेकरूचा करार वाढवला तर फक्त कागदपत्रांचा खर्च.

आयकराचेही ऐकून ठेवा. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, दलाली, सांभाळण्याचा मोबदला हे सगळे त्या 30 टक्क्यांतच आले. त्याची वेगळी वजावट नाही. तेव्हा 'आमचे बिल करातून वजा होईल' असे कुणी सांगितले तर मान डोलवू नये. मुलगा अनिवासी भारतीय असेल आणि घर त्याच्या नावावर असेल, तर भाडेकरूला भाड्यातून कर कापून सरकारजमा करावा लागतो. हे ज्याला ठाऊकच नाही, त्याने परदेशस्थांची घरे सांभाळण्याचा व्यवसाय करू नये.

पैसा कुणाच्या खात्यात?

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी बेंगळुरात फ्लॅट घेतले आहेत, म्हणून हे नीट वाचा.

कर्नाटकात घर देण्याची 'लीज'ची एक पद्धत आहे, कन्नडमध्ये 'भोग्य'. भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम देतो, दरमहा भाडे देत नाही आणि घर सोडताना रक्कम परत घेतो. पद्धत जुनी आहे, त्यात गैर काही नाही. पण तिचा आधार घेऊन बेंगळुरात फसवणुकीची अनेक प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली आहेत. युक्ती अशी की घर सांभाळणारी कंपनी मालकाला सांगते, 'घर भाड्याने दिले, दरमहा 25,000 तुमच्या खात्यात येतील.' भाडेकरूला सांगते, 'मालकाला लीजवर द्यायचे आहे, 15 लाख भरा.' ते लाख कंपनीच्या खात्यात जातात. त्यातूनच मालकाला काही महिने भाडे येत राहते, तोही खूश. मग एके दिवशी भाडे थांबते आणि कार्यालयाला कुलूप लागते. मालक घर रिकामे करायला सांगतो, तर भाडेकरू म्हणतो, 'माझे 15 लाख आणा.' दोघेही प्रामाणिक, दोघेही फसलेले, आणि कोर्टात एकमेकांसमोर उभे.

हे टाळायला मोठी कायद्याची विद्या लागत नाही. तीन गोष्टी पुरतात. पहिली, भाडेकरूशी एकदा तरी स्वतः बोला आणि 'तुम्ही किती भाडे, किती अ‍ॅडव्हान्स देणार' हे त्याच्याच तोंडून ऐका. दुसरी, भाडे आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही थेट मालकाच्या खात्यात आले पाहिजे. मोबदला आपण वेगळा देऊ. 'भाडे आमच्याकडे जमा होईल, आम्ही कापून पाठवू' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. तिसरी, भाडेकरारावर सही मालकाची हवी.

सहीचा अधिकार आणि कागदाची भाषा

मालक लांब असला की मुखत्यारपत्राचा विषय निघतो. छापील नमुन्यात बहुधा सगळेच अधिकार घातलेले असतात: भाड्याने देणे, गहाण ठेवणे, विकणेसुद्धा. तो नमुना तसाच्या तसा सही करू नये. वीजबिल, घरपट्टी, महापालिकेतले अर्ज, दुरुस्ती, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे, एवढ्याच कामांचे मर्यादित मुखत्यारपत्र करावे. विक्री, गहाण आणि पैसे स्वीकारणे हे अधिकार देत नाही, असे स्पष्ट लिहावे. मुदतही घालावी. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे, आणि ते कर्नाटकात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरचे मुद्रांक शुल्क भरावे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या घरांत बाजारात अस्खलित कन्नड बोलणारे आजोबा असतात, पण त्यांना कन्नड वाचता येत नाही. नातवाला कन्नड वाचता येते, पण कागदावरचे मराठी जड जाते. करार बहुधा कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत टाइप होऊन येतो आणि 'इथे सही करा' म्हणून बोट ठेवले जाते. थांबावे. घरात दोन भाषा आहेत त्यांचा उपयोग अशा वेळीच करायचा. नातवाने मोठ्याने वाचावे, अर्थ सांगावा आणि मग आजोबांनी सही करावी. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. मुदत संपण्याआधी दोन महिने आठवण करून देणे, हे सांभाळणाऱ्याचे काम म्हणून लिहून घ्यावे.

मालकाला नको, भाडेकरूला विचारा

कंपनी आपल्याला दोन समाधानी मालकांचे नंबर देईल. ते देणारच. त्याऐवजी तिच्या देखरेखीखालच्या एखाद्या घरातल्या भाडेकरूला गाठा. नळ बिघडला की माणूस किती दिवसांत येतो? भाड्याची पावती मिळते का? आधी न कळवता कुणी दार वाजवते का? मी कॉलेजात शिकवतो. खानापूर, चिकोडी, अथणीकडून शिकायला आलेल्या मुलांकडून जी तक्रार नेहमी ऐकतो ती अ‍ॅडव्हान्सची. खोली सोडताना रंगाच्या नावाखाली पैसे कापले जातात आणि कापणारा म्हणतो, 'मालकांनी सांगितलंय.' बिचाऱ्या मालकाला यातले काहीच ठाऊक नसते. पण मुलाच्या मनात आणि गल्लीत नाव खराब होते ते मालकाचेच.

केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण घर सांभाळणाऱ्याची कर्तव्ये त्यात इतकी नेमकी मांडली आहेत की आपल्या कराराला तो चांगला नमुना ठरावा. पावती देऊन भाडे घेणे, मालकाच्या वतीने आवश्यक दुरुस्त्या करणे, वेळोवेळी घर तपासणे, भाडेकरूला नोटीस देणे, वाद मिटवायला मदत करणे ही त्याची कामे. घरात यायचे तर किमान 24 तास आधी कळवायचे, आणि सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर यायचे नाही. वीज-पाणी तोडून भाडेकरूला छळायचे नाही. आपल्या करारात ही कलमे घालायला कुणाचीच हरकत नसावी. फक्त भाडे घेण्याचे कलम तेवढे 'पैसे थेट मालकाच्या खात्यात' असे बदलून घ्यावे.

आणखी एक गोष्ट मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजे. 'अमक्या जातीचे नको, तमक्या धर्माचे नको, ही भाषा बोलणारे नको' असे आपल्या नावाने कुणी सांगत असेल तर ते आपल्याला मान्य आहे का? सीमाभागात राहून भाषेवरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भाडे देण्याची ऐपत आणि वागणूक, एवढेच पाहायला सांगावे.

घर भावंडांचे असेल तर

वडिलांच्या पश्चात घर तिघा भावंडांच्या नावावर असते. एक बेळगावात, एक पुण्यात, ताई हैदराबादला. गावातला दादा घर बघतो, खर्च करतो, उरलेले पैसे वाटतो. त्याने पदरचे घातलेले कुणाला दिसत नाहीत आणि बाकीच्यांना वाटते दादा काहीतरी ठेवून घेतो. पैसे थोडेच असतात, पण दिवाळीचे येणे-जाणे थांबते. अशा घरांसाठी पगारी सांभाळणारा हा खर्च नसून औषध आहे. फक्त नेमणुकीवर तिघांच्या सह्या हव्यात आणि महिन्याचा हिशेब तिघांना एकाच दिवशी मिळायला हवा: आलेले भाडे, झालेला खर्च, मूळ बिलांचे फोटो. दोन हजारांपर्यंतची दुरुस्ती न विचारता, त्यापुढची दोन ठिकाणचे दर आणि तिघांचा होकार घेऊन, अशी मर्यादा घालावी. एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की मिळणारी पाच टक्के सूट त्याने घेतली की नाही, यावरूनही माणूस कळतो.

शेवटी, पहिला करार अकरा महिन्यांचाच करावा आणि एक महिन्याच्या सूचनेने तो मोडता यावा. मोडल्यावर किल्ल्या, कागद आणि भाडेकरूचा मूळ करार आठ दिवसांत परत मिळावा. हे सगळे बोलून दाखवल्यावर समोरचा 'एवढा अविश्वास कशाला?' म्हणाला तर त्याला हसून निरोप द्यावा. 'लिहून देतो' म्हणाला तर चहा मागवायला हरकत नाही. मराठीत हिशेब म्हणा की कन्नडमध्ये लेक्क म्हणा, जो तो न मागता देतो त्याच्याच हाती आईवडिलांच्या घराची किल्ली द्यावी.