पाण्यात उभं, तरी तहानलेलं!

ऐक ना दोस्ता, भांडुप स्टेशनाच्या पश्चिमेला गेलं की डोंगर लागतात. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल! पूर्वेला हायवे ओलांडला की मिठागरं आणि ठाण्याची खाडी. तिथेही जंगल! पाऊस दोघांना सारखाच, ऊनही सारखंच. मग झाडंही सारखीच असतील ना?

मुळीच नाही! डोंगरावर साग आहे, पळस आहे, बांबू आहे. खाडीत यातलं एकही नाही. तिथे आहे तिवर, खारफुटीतलं एक चिवट झाड.

आता समज, आपण सागाचं रोप नेऊन खाडीच्या चिखलात लावलं. काय होईल, ओळख बघू! दिवसातून दोनदा भरती येते, पाण्याला तोटा नाही. तरी ते बिचारं तहानेनं मरेल! चक्क पाण्यात उभं राहून!

पटत नाही? मग स्वयंपाकघरात चल. काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरव आणि थोडा वेळ थांब. बशीत पाणी सुटलं ना? मिठानं काकडीच्या आतलं पाणी बाहेर खेचलं. खारट चिखलात सागाच्या मुळांचं असंच होतं. पाणी आत यायचं सोडून बाहेर जायला लागतं!

तिवर मात्र मजेत जगतं. कसं? त्याची मुळं पाणी घेतात, पण त्यातलं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. तरी थोडं मीठ आत शिरतंच. मग पानांमधल्या अगदी बारीक ग्रंथी ते बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानांवर मिठाचे पांढरे कण चक्क दिसतात! मिठागरात माणसं मीठ पिकवतात आणि इथे झाड आपल्या पानांवर!

अजून एक गंमत. भिजलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. पण मुळांनाही श्वास लागतो! म्हणून तिवराची काही मुळं उलटी वाढतात, खालून वर. ओहोटीला बघ, चिखलातून हजारो बोटं वर आलेली दिसतील. ती सगळी श्वास घेणारी मुळं! (बघायचं ते मोठ्या माणसांबरोबर, काठावरूनच. चिखलात पाय रुततो.)

डोंगरावर मीठ नाही. पण तिथली अडचण वेगळीच! पावसाळ्यात पाणी धो धो कोसळतं आणि उतारावरून वाहून जातं. मग ऑक्टोबरनंतर कितीतरी महिने पाऊस जवळजवळ नाहीच. पानांतून तर पाणी सतत उडत असतं. सागाची पानं केवढी मोठी! म्हणून साग काय करतो? उन्हाळा जवळ आला की पानंच गाळून टाकतो. गेली पानं, वाचलं पाणी!

आणि त्याच जंगलात, उतारांवर कारवी वाढते. हे झुडूप सात वर्षं नुसतं वाढत राहतं. आठव्या वर्षी सगळी झुडपं एकदम फुलतात, डोंगर जांभळा होतो! मग बिया धरतात आणि झुडपं मरून जातात. इथली कारवी २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. आता पाळी २०३२ ची. तेव्हा तू कितवीत असशील, कर बघू हिशोब!